न लिहिलेल्या पेपरवर माझं नाव आलंय, काय करू?

रानजाई (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, तीन वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एका तालुक्याच्या गावी कॉलेजात बॉटनी शिकवते, सहा वर्षं झाली. नॅकची, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या समितीची, तयारी चालू आहे त्यामुळे सगळ्यांकडून पेपरांची यादी मागवली होती, मी माझे दोन होते ते दिले. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) मॅडमचा फोन, अगं तिसरा का नाही दिलास, सरांच्या यादीत तुझं नाव आहे की. मला वाटलं दुसरी कोणीतरी असेल, आमच्या आडनावाच्या गावात छप्पन्न जणी आहेत. लिंक मागवली, उघडली, तर खरंच मीच. कॉलेजच्या नावासकट.

पेपरचा विषय आमच्या तालुक्यातल्या औषधी वनस्पती. चार लेखक. पहिले आमचे विभागप्रमुख सर, दुसरे दुसऱ्या कॉलेजातले कोणीतरी, तिसरी मी, चौथ्या माणसाला मी आयुष्यात भेटलेले नाही. सहा पानं, ४२ वनस्पतींची यादी. १७ नंबरला जटामांसी!! अहो जटामांसी हिमालयात येते, तीन हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. आमच्या तालुक्यातली सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी.

हे वाचून हसत होते तोवर पान चारवर आले आणि हसू गेलं. फोटो माझे आहेत. एमएस्सीच्या डिझर्टेशनमधले. एका फोटोत पानाशेजारी माझा अंगठा आहे कारण त्या दिवशी स्केल घरी विसरले होते. डिझर्टेशनची कॉपी विभागाच्या कपाटात असते, तिथून स्कॅन केले असणार.

आणि इंग्रजी बघा. झाडाच्या सालीला 'बार्क' म्हणतात ना, तिथे सगळीकडे 'वूफ' लिहिलंय. स्टेम वूफचा काढा दिवसातून दोनदा. मला आधी कळेचना हा कुठला अवयव, मग ट्यूब पेटली, बार्क म्हणजे कुत्र्याचं भुंकणंही.

सरांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या कॅसला, बढतीला उपयोगी पडेल म्हणून घातलं नाव, आभार मानायचे सोडून चौकशी काय करतेस." छापण्याचे पंधराशे रुपये त्यांनीच भरलेत म्हणे, माझ्याकडून मागितलेसुद्धा नाहीत. नवरा म्हणतो गप्प बस. मैत्रीण म्हणते पार्टी दे. मला मात्र चार दिवस झोप नाही. मी जास्त विचार करतेय का?

---

चहाटळ

स्टेम वूफ 🤣🤣 कुत्र्याने लिहिलाय का पेपर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

---

दशांशवर्गीकरण

रानजाई, जास्त विचार अजिबात करत नाहीयेस. मी ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं कॉलेज लायब्ररीत काढलीत, असले पेपर आमच्याकडे यादीत लावायला येतात आणि आम्ही खाली मान घालून लावतो, त्यामुळे आधी स्वतःचीच कबुली देऊन टाकते.

हे जर्नल कुठलं ते धाग्यावर लिहू नकोस, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. पण वर्णनावरून सांगते, पहिल्या पानावर "इंटरनॅशनल" असणार, "मल्टिडिसिप्लिनरी" असणार, आयएसएसएन ठसठशीत छापलेला असणार आणि त्याच्या खाली इम्पॅक्ट फॅक्टर ७ पॉइंट काहीतरी. बरोबर?

आता यातलं काय कशाचं असतं ते बघ. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा नंबर आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. नंबर आहे म्हणजे ड्रायव्हरला गाडी येते असं नाही. दिल्लीच्या केंद्रातून मिळतो, दर्जाचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, पण आपल्याकडे प्राचार्यांपासून सगळे "आयएसएसएन आहे ना, मग झालं" म्हणतात. इम्पॅक्ट फॅक्टर ज्याला म्हणतात तो क्लॅरिव्हेट कंपनी काढते, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना किती संदर्भ मिळाले त्यावरून. बाकी ते ग्लोबल, युनिव्हर्सल, कॉस्मिक वगैरे नावाचे फॅक्टर विकत मिळतात, फी भरा आणि आकडा घ्या.

मी स्वतः काय बघते सांगू? आधी जुने अंक उघडते. एकाच अंकात उसाची शेती, सावरकरांची कविता, जीएसटी आणि नॅनो पार्टिकल असेल तर तिथेच समजायचं. मग संपादक मंडळातल्या दोन माणसांना सरळ त्यांच्या विद्यापीठाच्या ईमेलवर विचारते, तुम्ही यात आहात का हो. मागे एकांनी उत्तर पाठवलं की ही बातमी मला तुमच्याकडूनच कळतेय. आणि सबमिट केल्याची तारीख व स्वीकारल्याची तारीख. दोन दिवसांत पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्या विषयातल्या जाणकारांकडून तपासणी, होत नाही, दोन दिवसांत आमच्याकडे झेरॉक्सचं टोनर येत नाही.

---

चहाटळ

कॉस्मिक इम्पॅक्ट फॅक्टर 😂 राहू केतू पण असतील मंडळावर

---

रानजाई

@दशांशवर्गीकरण ताई, इंटरनॅशनल आहे, मल्टिडिसिप्लिनरी आहे, ७.३ आहे. तुम्ही ज्योतिषी आहात का? पाठवला ३ तारखेला आणि स्वीकारला ४ तारखेला.

---

उकडीचेमोदक_जर्मनीत

ते 'वूफ' प्रकरण गंमत म्हणून सोडून देऊ नका, त्याला नाव आहे आणि त्यावर अभ्यास झालाय. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा, सॉफ्टवेअरमध्ये टाकून समानार्थी शब्द बदलायचे, म्हणजे प्लेजरिझमच्या (मजकूरचोरीच्या) चाळणीत अडकत नाही. यातून जे विचित्र शब्द तयार होतात त्यांना 'टॉर्चर्ड फ्रेजेस' म्हणतात, फ्रान्सच्या कॅबानाक आणि लाबे व त्यांचे एक सहकारी मॅगाझिनोव यांनी २०२१ मध्ये हे उजेडात आणलं. त्यांना 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' सापडलं, म्हणजे बनावट जाणीव. ब्रेस्ट कॅन्सरचं 'बूझम पेरिल' झालं होतं. छातीवरचं संकट!! आणि हे गल्लीतल्या जर्नलमध्ये नाही हां, एल्सव्हियरसारख्या बड्या प्रकाशकाच्या एका जर्नलमध्येसुद्धा ढिगाने सापडलं.

म्हणून माझं म्हणणं, फक्त आपल्याकडच्या पंधराशे रुपयेवाल्यांना झोडपू नका. मी इथे पोस्टडॉक करतो, इथे सगळे सोवळ्यात वावरतात असं काही नाही. वायली केवढी मोठी प्रकाशन कंपनी, त्यांनी हिंदावी ही दुसरी प्रकाशन कंपनी विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात हिंदावीच्या जर्नलांमधून आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. स्पेशल इश्यू काढायचे, त्याला पाहुणे संपादक नेमायचे, आणि ते पाहुणे घरचेच दरोडेखोर निघाले. शेवटी हिंदावी हे नावच बंद केलं. आणि दराचं म्हणाल तर नेचरमध्ये ओपन अॅक्सेसने (कोणालाही फुकट वाचता येईल असं) छापायचे २०२० मध्ये जाहीर केले तेव्हा ९५०० युरो होते. पंधराशे रुपये घेणारा भुरटा आणि साडेनऊ हजार युरो घेणारा सन्माननीय प्रकाशक, असं का?

---

निवृत्त_नाना

मोदक, तुमचा मुद्दा समजला पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. पैसे घेणं हा गुन्हा नाही, पैसे घेऊन तपासलं असं खोटं सांगणं हा आहे. नेचर नव्वद टक्क्यांहून जास्त लेख नाकारतं, भरमसाठ पैसे घेतं हे लुटारूपण असेल पण तिथे वाचतात तरी. आणि उलट बाजूने, फुकट छापणारी चांगली नियतकालिकं आपल्याच देशात आहेत. बंगळूरचं करंट सायन्स आहे, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची प्रमाण, साधना आहेत. लेखकाकडून छापण्याचा एक रुपया घेत नाहीत. फक्त तिथे वेळ लागतो, आणि परत येण्याची भीती असते. आपल्या लोकांना ती भीती नको आहे.

मी विद्यापीठात होतो, हे सगळं डोळ्यांसमोर घडलं म्हणून थोडं लांबण लावतो.

२०१० साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एपीआय आणलं. अकॅडेमिक परफॉर्मन्स इंडिकेटर. कल्पना वाईट नव्हती, वशिल्याने बढत्या होत होत्या तिथे काहीतरी मोजता येईल असं हवं होतं. पण मोजायला सुरुवात झाली की लोक मोजण्याच्या वस्तू तयार करायला लागतात. पेपरला गुण, परिषदेला गुण, पुस्तकाच्या प्रकरणाला गुण. त्याआधीच २००९ च्या नियमाने पीएचडीचा प्रबंध देण्यापूर्वी एक पेपर छापलाच पाहिजे असं झालेलं होतं. दरवर्षी हजारो विद्यार्थी आणि हजारो शिक्षक, आणि चांगली नियतकालिकं मोजकीच. मग दुकानं उघडणार नाहीत तर काय होईल? २०१४ सालच्या लेखांवर फिनलंडच्या दोघा संशोधकांनी जो अभ्यास केला त्यात असल्या नियतकालिकांमध्ये वर्षाला चार लाख वीस हजार लेख निघाले असा अंदाज होता आणि त्यातले सुमारे ३५ टक्के लेखक भारतातले. पस्तीस! जगाच्या बाजारात आपण एवढं मोठं गिऱ्हाईक.

मग २०१७ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी काढली. विद्यापीठांना सांगितलं तुम्हीही नावं सुचवा. विद्यापीठांनी काय सुचवलं? ज्यात आपल्या लोकांचे पेपर होते ते. पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सुचवलेली नावं तपासली, करंट सायन्समध्ये २०१८ च्या मार्चमध्ये आलं ते, तपासलेल्यांपैकी ८८ टक्के निकस किंवा संशयास्पद निघाली. दोन महिन्यांत यूजीसीने ४३०५ नावं काढून टाकली. म्हणजे ज्याच्या पेपरचं नियतकालिक एप्रिलमध्ये "यूजीसी अप्रूव्हड" होतं तो मे महिन्यात उघडा पडला. मग तिच्या जागी केअर नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्यातच चालायचं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद. आता म्हणे सुचवलेले निकष वापरून संस्थांनी स्वतः ठरवायचं. ठरवणार कोण, तर रानजाईंचे सर.

---

तासिकावाला

नाना तुमचं सगळं बरोबर आहे पण एक बोलू का, राग मानू नका, तुम्ही पेन्शन घेऊन बोलताय. मी नेटसेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) पीएचडी करून नऊ वर्षं झाली तासिका तत्त्वावर आहे, महिन्याचा पगार नाही आम्हाला तासाचा हिशोब, तो पण कधी दिवाळीला कधी शिमग्याला, उन्हाळ्यात शून्य, दोन कॉलेजं करतो एक सकाळचं एक दुपारचं मधे चाळीस किलोमीटर मोटारसायकल, आता मला सांगा यात रिसर्च कधी करायचा आणि करंट सायन्सला पाठवून आठ महिने वाट बघायची तोवर जाहिरात येऊन जाते. मुलाखतीला बोलवायच्या यादीत एका पेपरला २ गुण आहेत. दोन गुणावर माझं नाव आत किंवा बाहेर. मी तीन पेपर छापलेत पैसे भरून, एक बाराशेला दोन पंधराशेला, लपवत नाही. तिन्ही मीच लिहिलेत, कोणाचं चोरलं नाही, फक्त कोणी तपासले नाहीत. तुम्ही मला पण भुरटा म्हणणार का?

आणि मुलाखतीनंतर काय चालतं ते तर इथं लिहायला नको, सगळ्यांना माहितीये रेट काय आहे. तिथं पंधराशेच्या पेपरवर नैतिकता शिकवतात तेव्हा हसायला येतं.

---

चहाटळ

+१

इथे विनोद सुचत नाहीये

---

निवृत्त_नाना

तासिकावाले, राग कशाचा. तुम्हाला भुरटा कोण म्हणेल, म्हणायचंच तर तुम्हाला त्या दारात उभं करणाऱ्यांना म्हणावं लागेल आणि त्या समित्यांवर मीही बसलोय. किती पेपर आहेत हे मोजलंय, त्यातला एकही उघडून वाचला नाही, एका दिवसात साठ उमेदवार असायचे. ते मान्य करतो.

पण एक प्रश्न विचारतो, भांडण म्हणून नाही. तुमचे तीन पेपर जर तुम्ही मनापासून लिहिलेत तर ते तिथे छापून तुमचंच नुकसान झालं ना? ते आता कोणी वाचणार नाही, आणि दुसरीकडे पाठवताही येणार नाहीत.

---

तासिकावाला

हो. एक पेपर खरंच चांगला होता. जाऊद्या.

---

काढाचूर्ण

मी वैद्य आहे, कोकणात प्रॅक्टिस. धागा उशिरा बघितला. सगळे जर्नल आणि गुणांवर बोलताय, मला त्या १७ नंबरच्या जटामांसीने घाम फुटला.

जटामांसी आधीच धोक्यात आलेली वनस्पती, आययूसीएन या निसर्गरक्षण संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून आहे, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे म्हणजे देशाबाहेरच्या व्यापारावर बंधनं. बाजारात तिच्या नावाने काय काय भेसळ येते ते आमचं आम्हाला माहीत. आता उद्या कोणी एमडीचा विद्यार्थी लिहिणार की महाराष्ट्रातल्या अमुक तालुक्यात जटामांसी मिळते, खाली तुमच्या पेपरचा संदर्भ. परवा कोणी व्यापारी तोच कागद दाखवून सांगणार, माल लोकल आहे. तिथे रानजाई तुमचं नाव आहे. पेपर कोणी वाचत नाही हे खरं, पण संदर्भ म्हणून चिकटवतात सगळे, न वाचताच.

आणि दुसरं, ४२ वनस्पतींचे उपयोग कोणाकडून गोळा केले म्हणे? वैदू, आदिवासी म्हाताऱ्या? त्यांना विचारलं होतं का? त्यांचं नाव कुठे आहे का? की तेही कपाटातूनच?

---

रानजाई

वैद्यबुवा, पेपरमध्ये "६० जाणकारांच्या मुलाखती" असं लिहिलंय. माझ्या डिझर्टेशनमध्ये ११ होत्या आणि त्या ११ जणांची नावं मी परवानगी घेऊन छापली होती. त्यातल्या सोनाबाईंनी एक मुळी दाखवली होती आणि म्हणाल्या होत्या, ही कागदावर घालू नको, लोक ओरबाडून नेतील. मी नव्हती घातली. आत्ता यादी परत बघितली. त्यातही नाही. सुटले एवढ्यावर.

बाकी ४९ जण कुठून आले माहीत नाही.

---

उकडीचेमोदक_जर्मनीत

बापरे. म्हणजे डेटा पण बनवलेला.

रानजाई, आता कामाचं बोलू. वैद्यकीय जर्नल संपादकांची जी समिती आहे, आयसीएमजेई, तिचे लेखक कोणाला म्हणावं याचे चार निकष आहेत आणि बरीच इतर क्षेत्रंही तेच वापरतात. कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात वाटा, छापायच्या आधी शेवटच्या मसुद्याला संमती, आणि पुढे काही निघालं तर जबाबदारी घ्यायची तयारी. चारही लागतात, चारातलं एक नाही. तुझ्याबाबतीत फोटो सोडले तर चारही शून्य. नुसतं दान म्हणून नाव घालणं याला गिफ्ट ऑथरशिप म्हणतात. पण तुझं तर दानही नाही, चोरी झालीये आणि चोराने जाताना ओट्यावर वाटीभर साखर ठेवलीये.

जर्नल जर कोपचं सभासद असतं, म्हणजे प्रकाशनातल्या नैतिकतेसाठी १९९७ पासून जी समिती आहे तिचं, तर तक्रार करायला रस्ता असता. अशा भांडणांत काय करायचं याचे त्यांचे तक्ते आहेत. पण ७.३ वाले कोपचे सभासद असतील असं वाटत नाही, फार तर लोगो चिकटवला असेल.

---

दशांशवर्गीकरण

लोगो चिकटवलाय. रानजाईने व्यनि केला, मी कोपच्या साइटवर शोधलं, हे नाव तिथे नाही.

रानजाई, तू दोन गोष्टी कर. एक, संपादकाला ईमेल, माझी संमती घेतलेली नाही, नाव काढा, फोटो माझे आहेत ते काढा. भांडू नको, चार ओळी. दुसरी, कॉलेजात लेखी दे की हा पेपर माझ्या नावावर धरू नका. तोंडी नाही, लेखी, आणि आवक नंबर घे. उद्या नाना म्हणतात तशी यादी बदलली, चौकशी लागली, तर चार लेखकांना सारखंच धरतात. यूजीसीचे २०१८ चे प्लेजरिझमचे नियम वाच, छापलेल्या पेपरमध्ये ४० टक्क्यांच्या वर नक्कल निघाली की पेपर मागे घ्यायचा, एक वेतनवाढ बंद आणि दोन वर्षं पीएचडीला गाइड नाही. साठच्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. फोटो मात्र त्या सॉफ्टवेअरला दिसत नाहीत, ते फक्त अक्षरं जुळवतं. 'वूफ' पण त्याला दिसणार नाही.

अवांतर: तुला या पेपरचे गुण किती मिळणार होते ते काढलं मी. सायन्सच्या पेपरला ८ गुण, दोनापेक्षा जास्त लेखक असले की मुख्याला सत्तर टक्के आणि बाकीच्यांना तीस. ८ चे तीस टक्के म्हणजे २.४.

---

चहाटळ

दोन पॉइंट चार!! एवढ्यासाठी हिमालय खाली आणला लोकांनी

---

निवृत्त_नाना

ग्रंथपालताईंशी सहमत, पण थोडं सबुरीने. रानजाई, तुमचे सर विभागप्रमुख आहेत, तुमचा गोपनीय अहवाल कोण लिहितं? आधी सरांना एकदा सांगा की मी असं पत्र देणार आहे. पाठीमागून गेलं तर ते जन्मभर लक्षात ठेवतील. भित्रेपणा वाटेल पण मी अशी दोन माणसं संपलेली बघितलीत.

---

काढाचूर्ण

नाना, सर तिला विचारून नाव घालत होते का? मग तिने त्यांना विचारून का काढायचं?

---

निवृत्त_नाना

निरुत्तर.

---

उकडीचेमोदक_जर्मनीत

तोपर्यंत एक अवांतर, कोणाला वाटत असेल की संपादकांना खरंच कळलं नसेल. २०१३ मध्ये सायन्स मासिकासाठी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने एक खोटा पेपर बनवला, दगडफुलासारख्या लायकेनमधून कॅन्सरवर औषध, त्यात शाळेतल्या पोराला कळतील अशा चुका मुद्दाम घातल्या, लेखक आणि संस्था दोन्ही काल्पनिक, आणि ३०४ ओपन अॅक्सेस जर्नलांना धाडला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. त्या ३०४ पैकी साधारण तिसरा हिस्सा भारतातली जर्नलं होती. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, पोलंडच्या लोकांनी तर अख्खी खोटी बाई तयार केली, अॅना ओ. शुस्त. 'ओशुस्त' म्हणजे पोलिशमध्ये लबाड. तिने ३६० जर्नलांना संपादक करा म्हणून अर्ज केला, ४८ जणांनी केलं.

हैदराबादची ओमिक्स ही जर्नलं काढणारी कंपनी आठवते का? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ ला खटला भरला, २०१९ ला कोर्टाने पाच कोटी डॉलरच्या वर दंड ठोठावला. खोटे संपादक, लपवलेली फी, आणि पेपर मागे घेऊ न देणं, हेच आरोप.

---

तासिकावाला

मागे घेऊ न देणं म्हणजे? एकदा दिला की संपलं?

---

रानजाई (गुरुवार, रात्री ९:१५)

@तासिकावाला तेच सांगायला आले. सांगते.

संपादकाला मंगळवारी मेल केला. चाळीस मिनिटांत उत्तर, एवढं चपळ उत्तर मला बँकेने पण कधी दिलं नाही. "डिअर सर" अशी सुरुवात. म्हणे विथड्रॉवल चार्जेस ५००० रुपये, आणि फक्त एका लेखकाचं नाव काढायचं असेल तर ऑथर करेक्शन फी ३०००, खाली क्यूआर कोड. आणि एक वाक्य असं की तुमच्या पुढच्या पेपरला २० टक्के सवलत देऊ.

म्हणजे नाव घालायला पंधराशे आणि काढायला तीन हजार. मी लिहिलं की पैसे देणार नाही. त्यानंतर उत्तर नाही.

मग सरांशी बोलले. नानांचं ऐकून आधी सांगितलं. चिडतील वाटलं होतं, चिडले नाहीत. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मलाही वाचायला वेळ नव्हता. त्या दुसऱ्या माणसाने सगळं करून दिलं, मी फक्त कपाटातली फाईल दिली." म्हणजे पहिल्या लेखकानेच पेपर वाचलेला नाही. जटामांसी म्हटल्यावर त्यांचा चेहरा खरंच पडला, बॉटनीचाच माणूस आहे शेवटी, त्यांच्या हाताखाली मी फ्लोरा, इथल्या वनस्पती, बघायला शिकले. मला वाईट वाटलं, रागावर आलेलं मन थोडं खाली बसलं. थोडंच. फोटोंबद्दल ते काही बोलले नाहीत.

काल पत्र घेऊन ऑफिसात गेले. आवकचे भाऊसाहेब जुने आहेत. पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, मॅडम इथं पेपर वाढवायला येतात लोक, कमी करायला आलेला मी तरी बघितला नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'अॅड' बटण आहे, काढायचं बटणच नाही. मग म्हणाले थांबा, आणि रजिस्टरात हाताने लिहिलं. आवक नंबर मिळाला. प्राचार्यांनी अजून बोलावलेलं नाही.

पेपर अजून साइटवर आहे. अंगठ्यासकट.

---

दशांशवर्गीकरण

आवक नंबर मिळाला ना, फोटो काढून ठेव त्या पानाचा. मेलचाही स्क्रीनशॉट. तीन हजार देऊ नकोस, दिलेस तर पुढच्या महिन्यात परत मागतील, एका प्राध्यापकाचं असं झालेलं मी बघितलंय.

सरांना एवढं सांग की पहिले लेखक म्हणून त्यांनीच मागे घ्यायचा मेल टाकावा, त्याला जास्त वजन आहे.

---

काढाचूर्ण

आणि तुमचं डिझर्टेशन, ११ जणांच्या मुलाखतींचं, ते नीट पेपर करून चांगल्या ठिकाणी पाठवा. सोनाबाईंची मुळी वगळून. यादीतली नावं तपासायला मदत लागली तर व्यनि करा, दोन रविवार देतो.

---

रानजाई

विचार होताच. फक्त फोटो परत काढावे लागतील, जुने आता "आधीच प्रकाशित" झालेत ना. पावसाळा संपला की जाईन. या वेळी स्केल नेते.

---

चहाटळ

न्या. आणि कुत्रा दिसला तर त्याला पण विचारा त्याची साल कशावर चालते

---

तासिकावाला (शनिवार, पहाटे १२:५०)

सोमवारी मुलाखत आहे माझी, फाईल लावत बसलोय. हा धागा वाचून तिन्ही पेपर परत वाचले, छापल्यापासून पहिल्यांदाच. दोन जोडले. एक काढला, तो रात्री घाईत लिहिला होता, त्यातलं एक पान मलाच कळेना. दोन गुण गेले. बायकोला अजून सांगितलं नाही.